औंढा नागनाथ ते परळी वैजनाथ, एका दिवसात सायकलवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्ग नेमका कसा आहे?

औंढा नागनाथ, जवळा बाजार, हट्टा, झिरो फाटा, परभणी, पोखर्णी फाटा, दैठणा, गंगाखेड, परळी. एकूण अंतर साधारण १२० किमी. आम्ही ते तीसेक जणांच्या गटाने करतो, सोबत सामानाचा एक टेम्पो असतो. त्याचे तीन तुकडे डोक्यात ठेवा: औंढा ते परभणी अंदाजे ५०, परभणी ते गंगाखेड अंदाजे ४० आणि गंगाखेड ते परळी अंदाजे २८ ते ३०. सायकलच्या मीटरवर दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे होतात, कारण परभणीत प्रत्येक जण वेगळ्या गल्लीतून बाहेर पडतो.

मराठवाड्यात तीन ज्योतिर्लिंगं आहेत. त्यांपैकी वेरूळचं घृष्णेश्वर बाजूला राहतं, उरलेली दोन या रस्त्याने जोडली जातात. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखीसुद्धा औंढा, परभणी, दैठणा, गंगाखेड, परळी अशीच जाते. त्यामुळे या पट्ट्यातल्या गावांना रस्त्याने जाणाऱ्यांची सवय आहे. पाणी मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही, उलट चहाला बसवून घेतात आणि तिथेच वेळापत्रक बिघडतं.

उलटं, म्हणजे परळीहून औंढ्याला का नको?

जाता येतं, पण तीन कारणांनी आम्ही औंढ्याहून निघायला सांगतो. एक म्हणजे वारा. हिवाळ्यात इकडे तो बहुतेक ईशान्य-पूर्वेकडून असतो आणि आपला रस्ता साधारण दक्षिण-नैर्ऋत्येला जातो, म्हणजे वारा पाठीशी किंवा डाव्या बाजूला राहतो. दुसरं, परळीला रेल्वे स्टेशन आहे, औंढ्याला नाही. तिसरं कारण नागनाथाचा गाभारा. तो खाली आहे, अरुंद वाटेने वाकून उतरावं लागतं. १२० किमी चालवून आखडलेल्या मांड्यांनी तिथे उतरणं आणि परत वर येणं हे ज्याने करायचं त्याने करावं.

तोटाही आहे. शेवटचा गंगाखेड-परळी तुकडा हळूहळू चढत जातो, कारण परळी बालाघाटाच्या कुशीत आहे. दुपारचं ऊनही समोरून येतं. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे, कारण हा दिवस बिघडलाच तर तो तिथेच बिघडतो.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. डिसेंबर-जानेवारीत परभणी भागात पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि दुपारी त्याच दिवशी तिशीच्या आसपास जातो, म्हणून अंगावरचे कपडे काढत जाता येतील असे घाला. मार्चपासून अकरानंतरचं ऊन झेपत नाही. पावसाळ्यात डांबर सोडून एक फूट बाजूला गेलात की काळी माती चाकाला चिकटते. ती टायर आणि ब्रेकच्या मधल्या जागेत थापली जाते, चाक जागच्या जागी अडकतं आणि काडीने उकरून काढेपर्यंत सायकल ढकलतासुद्धा येत नाही.

महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार टाळा. दोन्ही देवस्थानांत रांगा असतात आणि गावात शिरतानाच तास जातो. पालखी या भागात असते त्या दिवसांतही नको, वारकरी चालत असताना त्यांच्यातून तीस सायकली घुसवणं बरं नाही.

हिवाळ्याची एकच अडचण म्हणजे उसाचा हंगाम. त्याबद्दल वाहनांच्या प्रश्नात वाचा.

मी रोज १०-१५ किमी चालवतो. जमेल का?

थेट नाही. किमान सहा आठवडे तयारी करा. आठवड्यात दोनदा तासभर आणि रविवारी एक लांब फेरी: ४०, ५०, ६०, ७० असं वाढवत जा. शेवटच्या पंधरवड्यात एकदा ८०-८५ किमी झाले आणि दुसऱ्या दिवशी जिने चढता आले, तर १२० होतात. ती लांब फेरी त्याच सीटवर, त्याच चड्डीत आणि त्याच बुटांत करा. नवी सीट घेऊन टूरला येणारा माणूस परभणीपर्यंत उभ्याने पेडल मारायला लागलेला असतो.

गिअरची सायकलच हवी का? माझ्याकडे काळी साधी सायकल आहे.

चालते. रस्ता बहुतांश सपाट आहे, मोठा घाट कुठेच नाही. फक्त गटाचा वेग सरासरी १८ किमी धरलेला असतो आणि काळ्या सायकलवर दिवसभर १४-१५ पडतो, म्हणून पहिल्या तुकडीबरोबर अर्धा तास आधी निघा. बॉटम ब्रॅकेटला, म्हणजे पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या सांध्याला खडखड असेल, दांडा घट्ट धरणारी कॉटर पिन ढिली असेल तर आदल्या आठवड्यातच बदलून घ्या. पिन वाटेत निखळली की क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, डुगडुगतो आणि हातोडीने ठोकून तो दहा किलोमीटरच टिकतो.

टायरमध्ये हवा किती भरायची?

७० किलोच्या आसपास वजनाच्या माणसासाठी: २८ मिमी टायरला ८० ते ८५ पीएसआय (पंपावरचा हवेच्या दाबाचा आकडा), ३२ मिमीला ६५ ते ७०, ३५ मिमीला ५५ ते ६० आणि २.१ इंची एमटीबी, म्हणजे जाड डोंगरी सायकलच्या टायरला ३५ ते ४०. मागच्या चाकात पाचेक पीएसआय जास्त. टायरच्या कडेवर कमाल आकडा छापलेला असतो, त्याच्या वर जाऊ नका.

रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून हवा भरताना सावध राहा. तो कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरसाठी लावलेला असतो. सायकलची ट्यूब त्याच्यापुढे काहीच नाही, दोन-तीन सेकंदांत टायर रिमबाहेर येऊन फट्‌ होतो. नळी एका टिचकीएवढीच लावायची, काढायची, बोटाने दाबून बघायचं, मग पुन्हा. आणि तुमचा व्हॉल्व्ह बारीक, स्क्रू असलेला प्रेस्टा असेल तर त्याची नळी बसतच नाही. त्यावर चढवायची पितळी टोपी खिशात ठेवा, ती वाटेत कुठल्याच दुकानात मिळत नाही.

पंक्चर किती होतात आणि कशाने?

जवळजवळ सगळी बाभळीच्या काट्याने. रस्त्याकडेची वेडी बाभूळ छाटली की फांद्या साइडपट्टीवर पडतात आणि काटे डांबराच्या कडेला येतात. म्हणून चाक पांढऱ्या पट्टीच्या आत ठेवा, कडेच्या मुरमावर चहासाठी उतरताना सायकल उचलून न्या.

काट्याचं टोक टायरच्या रबरात मोडून आत राहतं, बाहेरून दिसत नाही. नवी ट्यूब टाकली की पाच मिनिटांत तीही बसते आणि लोक ट्यूबला शिव्या देतात. ट्यूब काढल्यावर थोडी हवा भरून छिद्र शोधा. व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते मोजा आणि टायरच्या त्याच जागी आतून कापूस किंवा रुमाल फिरवा. कापूस जिथे अडकतो तिथे काटा. नखाने निघत नसेल तर बाहेरून टायर दुमडून पिनेने ढकला. मगच ट्यूब घाला.

प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब हव्यात. रस्त्यावर पॅच मारत बसू नका. ट्यूब बदला आणि पॅच जेवणाच्या थांब्यावर मारा, कारण सोल्युशन सुकायला पाच मिनिटं द्यावीच लागतात आणि घाईत चिकटवलेला पॅच उन्हात सुटतो.

सोबत कोणती हत्यारं घ्यावीत?

प्रत्येकाने: दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर, छोटा पंप, ४-५-६ च्या अ‍ॅलन की असलेलं मल्टीटूल. चाक नटाने बसवलेलं असेल तर १५ चा पाना.

गटाने, टेम्पोत: मोठा पंप, चेनकटर, ८, ९ आणि १० स्पीडच्या क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा, दोन-तीन मापांचे स्पोक, एक जादा २८ इंची टायर, इन्सुलेशन टेप, झिप टाय. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ज्याला लटकतो तो हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तो ज्याचा त्याने आणायचा. सायकल उजव्या अंगावर आडवी पडली की तो वाकतो. पहिल्या गिअरला डिरेलर स्पोकला लागत असेल तर त्या गिअरवर जाऊच नका, नाहीतर डिरेलर चाकात ओढला जाऊन दोन्ही तुटतात.

दिवसाचं वेळापत्रक काय?

नागनाथाचं दर्शन आदल्या संध्याकाळीच उरकून घ्या. सकाळी दर्शन आणि मग सुरुवात असं ठरवलं की आठ वाजतात.

- ५:४५: चहा, दोन केळी, ब्रेक आणि हवा तपासणी
- ६:३०: प्रस्थान. डिसेंबरमध्ये अजून उजाडत असतं, म्हणून मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा
- ७:४५: जवळा बाजार, नाश्ता
- १०:१५: परभणी, वसमत रस्त्यावर काळ्या कमानीजवळ सगळे एकत्र
- १२:००: पोखर्णी फाटा ते दैठणा या टप्प्यात जेवण
- १:४५: गंगाखेड, फक्त पाणी आणि फळं
- ४:०० ते ४:३०: परळी

बंधनं दोनच. परभणी अकराच्या आत सुटली पाहिजे आणि गंगाखेडहून शेवटची सायकल तीनच्या आत निघाली पाहिजे. जो नंतर पोचेल त्याची सायकल टेम्पोत. यावर वाद घालायचा नाही. त्या दिवसांत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि परळीच्या रस्त्यावर अंधारात कुणी नको.

जेवण गंगाखेडला का नाही? तिथे तर चांगली सोय आहे.

म्हणूनच नाही. चांगली सोय असली की माणूस पोटभर जेवतो, आणि पोटभर जेवून लगेच चढाला लागला की पाय आणि पोट दोघांना रक्त पुरत नाही. मळमळतं, झोप येते. बारा वाजता हलकं जेवण म्हणजे दीड-दोन भाकऱ्या, पिठलं, दही, थोडा भात. ठेचा जपून, कारण तो दुपारी चारला आठवण करून देतो. मग गंगाखेडला केळी आणि गुळाची चिक्की. ज्यांना संत जनाबाईंच्या मंदिरात जायचंय त्यांनी तेवढ्यात जाऊन यावं, तिचं जन्मगाव हेच. वीस मिनिटं, जास्त नाही.

गंगाखेड-परळी तुकडा एवढा अवघड का?

चढ तीव्र नाही. अडचण अशी की चढ डोळ्यांना दिसत नाही. रस्ता सरळ वाटतो, पण वेग २० वरून १४ वर येतो आणि माणसाला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलंय. मग तो जोर लावतो आणि दहा किलोमीटरमध्ये संपतो. तेव्हा गिअर एक-दोन पायरी हलका करा, पेडल मिनिटाला ७५-८० वेळा फिरेल असं बघा आणि वेगाच्या आकड्याकडे पाहू नका. समोरच्या उन्हासाठी टोपीची झडप हेल्मेटखाली हवीच.

परळीजवळ औष्णिक वीज केंद्राच्या राखेची वाहतूक चालते. राख डोळ्यांत आणि चेनमध्ये जाते. साधा पारदर्शक चष्मा आणि तोंडावर रुमाल. चेनला इंजिन ऑइल घातलेलं असेल तर त्यावर राखेचा काळा लगदा बसतो आणि गिअर उड्या मारतात. निघायच्या आदल्या दिवशी चेन रॉकेलने धुऊन, वाळवून, प्रत्येक कडीवर पातळ तेलाचा एकेक थेंब टाका आणि वरचं सगळं फडक्याने पुसून घ्या. तेल आत हवं, बाहेर नको.

रस्त्याने चालायचे नियम काय?

तीस जण असतील तर दहा-दहाच्या तीन तुकड्या. दोन तुकड्यांत किमान दोनशे मीटर अंतर, म्हणजे मागून येणारी गाडी एक तुकडी ओलांडून मध्ये शिरू शकते. एकामागे एक, जोडीने गप्पा मारत नाही. पुढच्या चाकापासून एक सायकलभर अंतर ठेवा. चाक चाकाला घासलं तर मागचा पडतो, पुढच्याला कळतही नाही.

पुढचा माणूस ओरडतो आणि प्रत्येक जण ते मागे पोचवतो: "खड्डा!", "गाडी मागून!", "थांबतोय!" हे तीन शब्द पुरतात. थांबायचं तर आधी ओरडायचं, मग डावीकडे पूर्ण रस्ता सोडून थांबायचं. डांबरावर उभं राहून मोबाइल बघणारा हा गटाचा सगळ्यांत मोठा शत्रू.

सगळ्यांत मागे एक अनुभवी माणूस, त्याच्या मागे कुणीच नाही. त्याला "शेपूट" म्हणतात आणि त्यात कमीपणा नाही, पंप आणि औषधाची पिशवी त्याच्याकडेच असते.

वाट चुकण्याची जागा कोणती?

झिरो फाटा. औंढ्याकडून येताना तिथे उजवीकडे वळायचं, तो रस्ता परभणीला. डावीकडे वळलात तर वसमत, नांदेड. गप्पांच्या नादात आणि पुढच्या ट्रकच्या मागे मागे लोक डावीकडे जातात. त्यामुळे पहिल्या तुकडीतला एक जण तिथे उतरून उभा राहतो आणि पुढची तुकडी डोळ्यांनी दिसल्याशिवाय जागा सोडत नाही. नंतर त्या तुकडीतला एक जण उभा राहतो. शेवटी शेपूट आलं की सुटका. परभणीतही गंगाखेड रस्त्याला लागेपर्यंत हेच करायचं.

उसाचे ट्रॅक्टर आणि मोठ्या गाड्यांचं काय?

ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात. मागची ट्रॉली वळणावर आत कापते आणि सरळ रस्त्यावरही डुलते. ट्रॅक्टरवाला गाणी लावून असतो, त्याला तुमची घंटी ऐकू येत नाही. ओलांडायचंच असेल तर समोर रस्ता मोकळा दिसल्यावर पुरतं उजवीकडून, एकेकट्याने. मागे लागून वाऱ्याचा आडोसा घेण्याचा मोह आवरा, कारण उसाची मोळी पडते आणि टिपर-ट्रॅक्टर अचानक थांबतात.

सिमेंटच्या रस्त्यावर दोन पट्ट्यांच्या मधला लांब सांधा बारीक टायर पकडतो. तो तिरका ओलांडा, त्याला समांतर जाऊ नका. काही ठिकाणी सिमेंटची कड आणि मुरमाची साइडपट्टी यांत चार-सहा इंचांचा फरक असतो. चुकून खाली गेलात तर लगेच हँडल वळवून वर चढू नका, पुढचं चाक घसरून थेट रस्त्यावर पडाल. खाली तसेच सरळ जा, वेग कमी करा, थांबा, सायकल उचलून वर घ्या.

पाणी किती लागतं?

तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. एका माणसाला दिवसाला पाच लिटर धरा. तीस जणांना दीडशे लिटर, म्हणजे २० लिटरचे आठ जार टेम्पोत.

नुसतं पाणी पीत राहिलात तर घामाबरोबर गेलेलं मीठ भरून निघत नाही. डोकं दुखतं, गोळे येतात. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. एक पुडी एक लिटरमध्ये, घट्ट करून अर्ध्या लिटरमध्ये नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. वर लिंबू पिळा, चव येते. ब्लडप्रेशरची औषधं चालू असलेल्यांनी मिठाबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं.

उपवास आहे, चालेल?

निर्जळी उपवास असेल तर नको. फराळाचा चालतो. भगर, साबुदाणा, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी, शेंगदाण्याची चिक्की यांत पुरेशी ताकद आहे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. साबुदाणा वडा मात्र वाटेत नको, तेल पोटात बसून राहतं.

सायकलिंगच्या घट्ट चड्डीत देवळात कसं जायचं?

वरून ट्रॅक पँट किंवा लुंगी. टेम्पोत प्रत्येकाची नावाची पिशवी असू द्या. पॅडच्या चड्डीच्या आत दुसरी अंडरवेअर घालू नका, शिवणीनेच कातडी सोलते. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारी लोखंडी पट्टी तळाला असलेले बूट घालून परळीच्या दगडी पायऱ्या चढू नका, लोखंड दगडावर बर्फासारखं सरकतं. पायऱ्यांआधी दहा मिनिटं बसा, पिंडऱ्या ताणा, मग चढा. बाहेर सायकलींपाशी दोन माणसं पाळीपाळीने थांबतात. आठ-दहा सायकली एकाच साखळीत गुंफल्या की कुलूपही एकच लागतं.

बायकांची सोय?

पेट्रोल पंप. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा तिथे मोफत द्यावी लागते. पण सगळीकडे दार उघडं आणि नळाला पाणी असतंच असं नाही. म्हणून टेम्पोवाल्याने आदल्या दिवशी जाताना प्रत्येक तुकड्यातले दोन चांगले पंप हेरून यादी करायची आणि ती सगळ्यांना सकाळीच द्यायची.

कुत्री मागे लागतात तेव्हा?

वेग वाढवू नका. पाय फिरवणं थांबवा, खणखणीत आवाजात "हाड!" म्हणा. तरी आलंच तर उतरा आणि सायकल मध्ये धरा. चावलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्या. टूर तिथेच थांबवा.

कुणाला अपघात झाला तर?

१०८ किंवा ११२. जागा सांगताना गावाचं नाव आणि कोणत्या बाजूचा फाटा किंवा पाटी ते सांगा. डोक्याला मार असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. परभणीला जिल्हा रुग्णालय आहे, जवळपास निम्म्या वाटेवर. प्रत्येकाच्या खिशात नाव, रक्तगट, चालू औषधं आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत हवी. मोबाइल लॉक असतो, चिठ्ठी नसते.

टेम्पो मागे मागे चालतो का?

नाही. १८ च्या वेगाने सायकलींच्या मागे सरकणारा टेम्पो मागच्या गाड्यांना धोक्याचाच. तो १२-१५ किमी पुढे जाऊन थांबतो, शेवटची सायकल ओलांडून गेली की पुन्हा पुढे.

दोन दिवसांत करता येईल?

येईल, परभणीला मुक्काम करून. पहिल्यांदा येणाऱ्या आणि पन्नाशीपुढच्या मंडळींना आम्ही तेच सुचवतो. दुसरा दिवस मग ७० किमीचा होतो आणि पोखर्णीच्या नृसिंहाचं दर्शनही निवांत होतं.

परळीहून सायकल परत कशी न्यायची?

रेल्वेने नेता येते, पण डब्यात नाही. पार्सल खिडकीवर सामान म्हणून बुक करावी लागते आणि ती ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात जाते. त्यासाठी गाडीच्या किमान दोन तास आधी पोचा, ओळखपत्राची झेरॉक्स द्या, फ्रेमला नाव आणि उतरायचं स्टेशन लिहिलेलं लेबल बांधा. वाटेतल्या छोट्या स्टेशनांवर गाडी एक-दोन मिनिटंच थांबते, तिथे चढवा-उतरवायला माणूस नसतो. आता बहुतेक एसटींना टपावर चढायची शिडीही नसते.

त्यापेक्षा तोच टेम्पो बरा. पुढची चाकं काढून सायकली उलटसुलट, एकीचं हँडल दुसरीच्या सीटपाशी, अशा उभ्या लावा. गिअरची बाजू गिअरच्या बाजूला येऊ देऊ नका. दोन सायकलींमध्ये जुनी गोधडी किंवा पोतं, आणि दोरी फ्रेमला बांधायची, चाकाला नाही. डिस्क ब्रेकची चाकं काढली असतील तर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा. प्रवासात कुणाचा हात ब्रेकवर पडला की पॅड आत मिटतात आणि घरी पोचल्यावर चाक बसत नाही.